दम

सकाळचे आठ. बाहेर उणे एकतीस.
प्रिन्स अल्बर्टमधल्या एका शाळेची जिम,
सायकलीशेजारी ओकायला ठेवलेली पिवळी बादली.
पंधरा वर्षांची बावीस पोरं, उघडी,
आणि त्यांच्या पोटाची चरबी चिमट्यात धरून
मिलिमीटर सांगणारी एक बाई.
मी लिहून घेतो.
माझे वडील गुरांच्या बाजारात दात बघायचे, खूर बघायचे.
मी उडी बघतो, पकड बघतो.
रकाने तेही असेच आखायचे, पेन्सिलीनं.

ब्रॉक टिमरमन: बारा पुल-अप.
सायकलवरून उतरला तो कोपऱ्यावर
पत्र टाकून आल्यासारखा.
त्याच्या घरी तळघरात जिम आहे, ट्रेनर येतो,
दिवसाला किती अंडी, याचा तक्ता फ्रिजवर.

मग लायल ओकेमाव.
रात्रभर मामाच्या ट्रकमधून, उत्तरेकडून आलेला.
दीड पुल-अप.
त्या अर्ध्यावर तो लटकून राहिला
इतका वेळ, की शेवटी बाईनंच खाली बघितलं.
बादली लागली ती त्यालाच.
धुऊनही त्यानंच आणली.
ते लिहायला रकाना नव्हता.

दुपारी बर्फावर
पक त्याच्यापर्यंत यायच्या आधी
तो एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघतो,
दार लावलंय ना, हे बघावं तसं.
मग पक जातो तिथे कुणी नसतं.
पुढच्या क्षणी असतं.
ब्रॉकचे दोन्ही गोल असे आले.
ब्रॉकला वाटलं, आपणच केले.

खोटं कशाला सांगू,
तिसऱ्या पिरियडला लायल संपला.
फट त्याला दिसली, मला त्याच्या मानेवरून कळलं,
पण पाय मागे राहिले.
पक गेला, गोल झाला,
आणि तो फळीला टेकून
नुसता वाफ सोडत उभा.

"दम नाही," शेजारच्या ह्यूनं पान उलटलं.
नाहीच आहे.
सहा वर्षांपूर्वी अशाच एका पोराच्या डोळ्यांवर
मी क्लबचे पैसे लावले होते.
दम येईल म्हणालो. आला नाही.
त्याचं नाव निघालं की अजून लोक माझ्याकडे बघतात.

डोळे कुठून येतात, ठाऊक नाही.
पाय कुठून येतात, ते ठाऊक आहे:
अंडी, झोप, उन्हाळाभर टेकडी,
आणि दहा मिनिटांवर रिंक.
लायलच्या गावाहून रिंक एकशे चाळीस किलोमीटर.

पार्किंगमध्ये मामा बॉनेट उघडून उभा.
ट्रक गारठलेला. आत लायल, तोंड उघडं टाकून झोपलेला.
मी केबल जोडून दिली.
पोरगा कसा वाटला, हे त्यानं विचारलं नाही.
"एका चावीत नाही घेत ही," एवढंच म्हणाला,
"जरा दम धरावा लागतो."

मोटेलवर फॉर्म भरला.
फिटनेस: दहापैकी तीन.
शेऱ्याच्या जागी बादलीचं लिहिलं.
खोडलं.
परत लिहिलं.