सांधा

लवूने ओट्यावर पुडी सोडली.
आत शिशाचं एक डोकं,
हरभऱ्याहून मोठं, जांभळाहून लहान,
मानेतून वाकडा निघालेला गळ,
डोळ्याच्या जागी उडत चाललेला लाल ठिपका.
"वहिनी, ह्याचो साचो जमात?
दुकानात एक साठ रुपयाक.
निवतीच्या खडपात दिवसाक चार अडाकतत."

मी फिरवून पाहिलं.
सोंड नाही, कान नाहीत,
पोट तेवढं आहे.
माझ्या बापाच्या गणपतीच्या शाळेत
नव्या पोराला आधी उंदीर करायला द्यायचे.
हे त्याहून सोपं.
म्हटलं, जमेल.

माळ्यावर प्लास्टरचं अर्धं पोतं होतं.
बाबा पुन्हा शाडूकडे वळले तेव्हा
मी ते सासरी आणलेलं, का ते विचारू नका.
वरचं दगड झालेलं, आतलं चांगलं.

घाई लवूला.
साचा तीन दिवसांचा होता,
मी बाजारात गेले होते, त्याने ओतलं.
प्लास्टरच्या पोटात अजून पाणी होतं.
शिसं आत गेलं आणि पाणी उठलं.
फट्, एवढाच आवाज.
मनगटावर तीन थेंब, शर्टाला खिडकी.
बाबांना फोनवर सांगितलं. हसले नाहीत.
"पाण्याक घाय नसता गो," म्हणाले,
"जाताला तेवा जाताला."

दुसरा मीच केला, साबणाच्या डबीत.
शाडूत डोकं निम्मं बुडवलं,
बरोबर गळाच्या रेषेपर्यंत.
कडेला सुपारीने दोन खळगे दाबले,
म्हणजे एक अर्धा दुसऱ्याला ओळखेल.
प्लास्टर ओतलं, उलटलं, शाडू काढली,
खोबरेल फासलं, वर पुन्हा ओतलं.
ह्या सगळ्यात कुठेतरी माझं नख लागलं.
ते मागून कळलं.

नऊ दिवस कौलांवर,
रात्री चुलीमागे.
बोटाने वाजवला की ओला साचा थप्प म्हणतो,
सुका टण्ण.
हे कुणी शिकवलं नव्हतं,
कानात राहून गेलेलं.
मग आतून दिव्याची काजळी,
शिसं अडू नये म्हणून,
बाळाच्या डोळ्यांत घालतात तेवढीच.

परसात, वारा पाठीशी घेऊन,
पोरांना घरात कोंडून,
कुडाळच्या टायरवाल्याकडची चाकांची वजनं
बिडाच्या कढईत टाकली.
राखेची साय आली, ती काढली.
खाली आरसा.
फोडणीची पळी त्या दिवसापासून
घरात आली नाही, माडाच्या बुंध्याशी असते.

एका दमात ओतायचं.
हात थांबला की सुरकुती पडते.

पहिलं डोकं निघालं
तर मानेखाली नखाची कोर
आणि भोवती सांधा, केसाएवढा.
बाबा सांधा दिसू द्यायचे नाहीत.
ओलं फडकं, मग सुरीची पाठ, मग पुन्हा फडकं.
सांधा दिसला की
देव माणसाने केलाय हे कळतं, म्हणायचे.
मी कानस उचलली.
"रवांदे गो," लवू म्हणाला,
"मासो काय पूजा करतलो?"

राहू दिला.

बाबांचे सगळे गणपती पाण्यात गेले.
चाळीस वर्षं, वर्षाला शंभर-सव्वाशे,
एकही परत आला नाही, यायचं नसतंच.
माझी डोकी पाण्यात जातात
ती दोरीला बांधलेली.
ह्यात काहीतरी फरक आहे,
मला कळतो,
सांगायला गेले की जातो.

परवा बाजारात भोगव्याची एक बाई
गोबरा कापत होती.
कोयता कशावर तरी अडला.
"शिसां," म्हणाली, आणि फेकायला निघाली.
मी हात पुढे केला.
गळ गंजून मिशीएवढा उरलेला.
रंग नाही, डोळा नाही.
मानेखाली कोर.

पिशवीत भाजीखाली घालून घरी आणलं.
लवूला दाखवलं नाही.
तो म्हणाला असता, वितळव.