वरचा हुक

आधी सीट गेली. फक्त सीट.
खालच्या पार्किंगमध्ये माझी सायकल
मान उडवलेल्या कोंबडीसारखी उभी,
आणि चौकीदार शपथेवर सांगत होता
की रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला.

मग ठरलं, दोन्ही सायकली घरात.
लोकमान्य नगर, पहिला मजला, सोळा पायऱ्या,
बैठकीची खोली दहा बाय अकरा,
त्यात दिवाण, शोकेस, टीव्ही, इस्त्रीचं टेबल
आणि शेवेचा पाच किलोचा डबा,
जो इंदुरात फर्निचरमध्येच धरावा लागतो.

लोहामंडीतून इसरारभाई आले,
कानावर पेन्सिल, खिशात टेप.
भिंत मोजली, हँडलं मोजली, म्हणाले,
"भाभी, बराबर टांगोगे तो सींग भिड़ेंगे.
एक ऊपर, एक नीचे. नौ इंच का फरक रखो."
लग्नघरात एका गादीवर पोरं झोपवतात ना,
एकाचं डोकं इकडे, एकाचं तिकडे, तसं.
लाथा लागतात, पण मावतात.

स्टँडचा काळा रंग अजून हाताला लागत होता
तेव्हाच श्रीरंगनं आपली अडकवली.
खालच्या हुकला.
"मला रोज लागते," म्हणाला.
रोज पहाटे सुपर कॉरिडॉर, चाळीस किलोमीटर,
मनगटावर नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ.
मी फक्त रामबागेतल्या पतपेढीत जाते,
कॅश काउंटरवर, साडेदहाच्या आत.
तेही रोजच. पण ते मी म्हटलं नाही.

माझी अठरा किलोची. टोपली, घंटा,
साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळी,
जरी मी साडीत कधी चालवली नाही.
सेहेचाळिसाव्या वर्षी दसरा मैदानावर शिकले,
मागे कॅरियर धरून भाची पळायची,
आणि सोडलं हे तिनं मला
दोन फेऱ्या झाल्यावर सांगितलं.

त्याची नऊ किलोची. पाहुण्यांना सांगतो.

आठ महिने.
एक पाय स्टुलावर, एक दिवाणाच्या कडेवर,
किल्ली ओठांत, चाक छातीशी,
चेनचं वंगण डाव्या खांद्यावर.
पतपेढीतल्या मुकादमबाई विचारायच्या,
"हे कुठलं गं नवीन डिझाइन?"
मी म्हणायचे, बाटिक.

एका रविवारी तो देवासला, वास्तुशांतीला गेला.
भांडी झाली, झाकपाक झाली,
आणि मी दोन्ही सायकली खाली घेतल्या.
खोलीत उभं राहायला जागा उरली नाही.
मग त्याची उचलली. पहिल्यांदाच.

इतकी हलकी.
मी अठराच्या हिशेबानं जोर लावलेला,
ती उडून पंख्याला लागता लागता राहिली.
इतके महिने मी समजत होते,
काहीतरी जड असेल तिच्यात,
म्हणून तो तिला वर नेत नसेल.

तो आला. चहा घेतला. भिंतीकडे पाहिलं.
मग म्हणाला, देवासला लाडू बरे होते,
पण पुऱ्या तेलकट.
मी म्हटलं, होणारच, एवढं माणूस.

पहाटे पाचला मी डोळे मिटून पडून होते.
स्टूल ओढल्याचा आवाज. थोडा वेळ काही नाही.
मग हँडल ट्यूबलाइटला लागलं,
तो दबक्या आवाजात काहीतरी बोलला,
कुणाला, ते कळलं नाही.
दार लागलं.
स्टूल तिथेच ठेवून गेला होता, मधोमध.

सव्वादहाला मी माझी काढली.
काढली काय, नुसती जराशी उचलली,
भरलेली कळशी ओट्यावरून घ्यावी तशी.
किल्ली हातात. ओठ मोकळे.
मोकळ्या ओठांचं काय करायचं सुचेना,
म्हणून जिन्यात चतुर्वेदीबाईंना मोठ्यानं म्हटलं,
"कैसी हो?"
त्या दचकल्या. हातातली कोथिंबीर पडली.