पान पंचवीस

निर्मात्याचा फोन आला पुण्याहून
तेव्हा मी माई घाटावर चपला काढून बसले होते.
"मॅडम, पंचविसाव्या पानावर काहीतरी घडायला हवं.
तुमची बाई तिथं नुसती डबे वर नेतेय.
डबे!"

हो, डबे.
डाळीचा, चटणीचा, बटणांचा,
एक रिकामा, तरीही नेलेला.
अकरा पानं ती जिना चढते, उतरते,
आणि पाणी अजून गल्लीच्या तोंडालाही लागलेलं नाही.
मला वाटलं होतं, यालाच धाडस म्हणतात.
तीन अंकांचा तो सांगाडा, वळणं, पानांचे हिशेब,
सगळं मी हरिपूरच्या एखाद्या बुजत चाललेल्या पेवात
टाकून आले होते मनातल्या मनात.
पण पेवात उतरण्याआधी कंदील सोडून बघतात,
विझला तर माघारी फिरतात,
हे काही मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आयर्विन पुलाजवळ नेमगोंडा पाटील भेटले.
पाटबंधारे खात्यातून निवृत्त.
बावीस पावसाळे त्यांनी पुलावरचे फूट वाचले,
रात्री दोनला, बॅटरी मारून,
छत्री उलटी झालेली असताना.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
मी मुद्दामच विचारलं,
पाणी ऐकायचं का हो तुमचे आकडे?

"पाण्याला कुठं वाचाय येतंय?
आकडा काठावरच्यांसाठी असतोय की.
कुणी कवा उठायचं, येवढंच."

चष्मा पुसला. परत लावला.
"आन खरं सांगू? एका साली
मीच पंचेचाळीस कळवून घरला आलो,
तर माझी बायको उठंना.
भात लावलाय म्हणाली.
तीन शिट्ट्या हुईस्तोवर थांबलो बघ.
तिसरीला उंबरा भिजला."

आणि भात?

"घेतला की संगं. नावंत खाल्ला.
मीठ ऱ्हायलं होतं तेवढं."

रात्री लॅपटॉप उघडला.
पंचविसाव्या पानावर आता भोंगा वाजतो.
पंचेचाळीस फूट.
निर्माता खूश होईल, होऊ दे,
मलाही तो तिथंच हवा आहे असं दिसतंय
आणि याचा थोडा रागही येतोय.

बाई सातव्या पायरीवर,
शिलाई मशीनचं डोकं कडेवर, तान्ह्या पोरासारखं.
ऐकते.
मशीन पायरीवर ठेवते
आणि खाली जाऊन तांदूळ धुवायला घेते.

(नेमगोंडांना विचारायला हवं, चालेल का म्हणून.
त्यांच्या बायकोला, खरं तर.)

पुढं काय, ठाऊक नाही.
डबे सगळे ठेवलेत. एकही कापला नाही,
रिकामासुद्धा.

फोन वाजतोय. पुण्याचाच असणार.
आत्ताशी पहिली शिट्टी झालीय.
वाजू दे.