चिमूटभर

टँकर आला तो मंगळवार होता.
ड्रायव्हरने वॉचमनच्या डब्यातली भाकरी तोंडात घातली,
म्हणाला, ठेचा गोड का केलाय रे,
आणि मग डब्याच्या झाकणानेच त्याला मारत राहिला,
सावकाश, सतरंजी झटकावी तसा.

धायरी फाट्यापर्यंतचं सगळं दोन दिवसांत गेलं.
पुलावर बसगाड्या दारं टाकून उभ्या.
रेडिओवरची बाई सांगायची, ताप येत नाही,
डोळे लाल होत नाहीत,
फक्त खारट कळेनासं होतं. त्यानंतर दोनेक तास.
मग एकदा ती मध्येच हसली
आणि माईक पडल्याचा आवाज आला.

आमचा चौथा मजला.
दाराला फ्रिज, फ्रिजला दिवाण, दिवाणाला मी.
खाली माझी शाळेची व्हॅन, पिवळी,
तिच्यात अजून सात दप्तरं.
कुणाकुणाची, ते मी घरात सांगितलेलं नाही.

हेमांगी तासातासाला मीठ वाटते.
त्यासाठी देवापुढची पळी घेतलीय.
आधी मला, मग अद्वयला, मग जुईला, शेवटी स्वतः.
कसं लागतं?
खारट.
कसं लागतं?
खारट.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाचे चौकोन आहेत,
त्यांत मी पेन्सिलीने खुणा करतो.

रात्री जिन्यात चारशे दोनचे खळदकर येतात.
नखाने दार खाजवत अदबीने विचारतात,
वाटीभर साखर मिळेल का हो?
सकाळी परत करतो.
मागून त्यांची बायको कुजबुजते,
मीठ असलं तरी चालेल म्हणावं. तेच ते.

आज पहाटे चारला बरणीचा तळ लागला.
पळी काचेवर खडखडली.
अद्वय झोपेतच खारट म्हणाला, तोंड वाकडं करून.
मग हेमांगी वळली,
पळी अजून हवेत होती,
ओठांपासून वीतभर लांब,
आणि जुई म्हणाली,
खारट.

जुई नऊ वर्षांची.
खोटं बोलताना उजव्या पायाचा अंगठा
फरशीवर घासते.
घासत होती.

हेमांगीने पळी तरीही तिच्या तोंडात दिली,
काढली,
गाऊनच्या बाहीने तिचे ओठ टिपले.
पेन्सिल माझ्या हातात होती.
मी खूण केली.

आता साडेपाच होत आलेत.
हेमांगी तिच्या वेण्या घालतेय,
घट्ट, शाळेला निघाल्यासारख्या.
एक लाल रिबीन जास्तीची काढलीय, लांब.
कशाला, ते आम्ही बोललेलो नाही.
विळी कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक आहे.

जुई आरशातून विचारते,
बाबा, माझं दप्तर व्हॅनमध्येच राहिलं का गं?
मला 'गं' म्हणाली. मी काहीच म्हणत नाही.
ती वळते, माझ्या गालावरचं पाणी
बोटाने निपटते,
बोट तोंडात घालते.

गोड आहे, म्हणते.
अंगठा फरशीवर
अगदी स्थिर.