वाटा

म्हापशात शुक्रवारी आमचा स्टँड-अप पाऊण तास उशिरा.
बाजारामुळे गाडी लावायला जागा नसते,
आणि मिंगेल केळी घेतल्याशिवाय वर येत नाही,
मयड्याची, शिजवून खायची ती.

भांड्यांच्या दुकानावर दुसरा मजला.
खाली कुणीतरी तांब्याच्या घागरीवर टिचकी मारून बघतं,
वर आम्ही सातजण अर्धवर्तुळात उभे:
काल काय केलं, आज काय करणार, कशात अडकलं.
बसायचं नाही.
माणूस बसला की बोलणं पसरतं.

मी स्क्रम मास्टर.
आई विचारते, म्हणजे साहेब का गं?
नाही. कुणाच्या वाटेत धोंडा असला तर तो उचलायचा.
आणि चालू कामांच्या रकान्यात चारच चिठ्ठ्या राहतील हे बघायचं,
पाचवी आली की थांबवायची.
आई म्हणाली, मग खाजनाच्या मानशीवरचा माणूस गं तू.
भरती आली की दार लाव, ओहोटीला उघड.
पगार देतात त्याचा?
देतात.
बरे दिवस आले.

दर दुसऱ्या सोमवारी अंदाज.
नवा पोरगा, हर्षद गांवस, विचारू लागला,
पाच म्हणजे पाच तास का?
सुलक्षाने त्याला खिडकीशी नेलं.
ती बांगडेवाली बघ. तराजू आहे तिच्याकडे?
नाही.
वाटे आहेत. हा त्या वाट्याहून मोठा, एवढंच तिला ठाऊक.
दुपारपर्यंत टोपली रिकामी होते की नाही?
पाच म्हणजे तसा वाटा.
हर्षद म्हणाला, आणि आतला बांगडा शिळा निघाला तर?
आम्ही हसलो.
पुढच्या पंधरवड्यात
रॉटरडॅमच्या दंतवैद्यांची जुनी नोंदवही उघडली,
तेव्हा कुणी हसलं नाही.

फळा कॉम्प्युटरवरही आहे, तो रॉटरडॅमसाठी.
भिंतीवरचा आमचा.
पण इथली हवा ओली, चिठ्ठ्या रात्री गळून पडतात.
झाडणारी आनाक्लेता त्या उचलून टेबलावर ठेवायची.
एकदा तिने त्या परत चिकटवल्या, आपल्या मनाने,
जिथे जागा मोकळी दिसली तिथे.
मोकळी जागा होती 'झालं'च्या खाली.

सकाळी आलो तर
लॉगिन झालेलं, पावती झालेली,
रात्री दोनलाच दिसते ती चूकसुद्धा झालेली.
कुणी हात लावेना.
सुलक्षाने डबा उघडून एक शंकरपाळं खाल्लं.
मग मिंगेलने पहिली चिठ्ठी सोडवली
आणि होती तिथे नेऊन लावली.

एक मात्र कधी पडत नाही.
'तारीख बदलली तर रुग्णाला कळवणे.'
खाली एव्हारिस्तची सही, त्याच्या त्या लांब शेपटीच्या त.
पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला आणि तो स्विंडनला गेला,
अकरा स्प्रिंट झाले.
चिठ्ठी दुसऱ्याच्या नावावर करायला एक मिनिट लागतं.
दर आढाव्यात मी ते म्हणते,
आणि दर आढाव्यात वेळ संपते.

या शुक्रवारी हर्षदने त्याला फोन लावला,
स्पीकर मधोमध ठेवला, केळ्यांच्या शेजारी.
तिकडे सकाळचे सहा, तो रात्रपाळी करून बसस्टॉपवर.
अजून आहे ती? माझी चिठ्ठी?
आहे, म्हटलं. तिचे तीन वाटे करतोय आज.
करा, म्हणाला. मोठीच होती.
मग आपणहून, जुन्या सवयीने:
काल ट्रक भरले.
आज ट्रक भरणार.
अडकलोय.

कशात, ते त्याने सांगितलं नाही.
मीच नियम केलेला,
उभ्या उभ्या खोलात जायचं नाही.
आम्ही सातजण उभे होतो.
त्याची बस आली.