पाण्यात पाहणे

बरणीवर अजून कॉफीचा कागद चिकटलेला,
आत चिलोएच्या खाडीचं पाणी.
एदुविना कार्कामो ती माझ्या टेबलावर ठेवते
आणि म्हणते, "विचार तुझ्या दिव्याला."
धक्क्यावर तिच्या होडीत शिंपल्यांची चौदा पोती.

पाणी नितळ. बरणीमागे वर्तमानपत्र धरलं
तर फुटबॉलचे निकाल वाचता येतील.
पहिलं यंत्रही तेच सांगतं:
प्रकाश या बाजूने शिरला, त्या बाजूने निघाला,
वाटेत फारसं कुणी भेटलं नाही.
काटकोनात बसलेल्या डोळ्याला
चिमूटभर उजेड मिळाला,
तोही गाळाच्या दोन-चार कणांनी झटकलेला.
"बघ," ती म्हणते, "चांगलं आहे."

मी बोलत नाही.
केसाएवढ्या नळीतून तेच पाणी सोडतो,
जे काय असेल ते एकामागे एक.
निळा लेसर हाक मारतो.
गाळ ऐकत नाही. मेलेलं टरफल ऐकत नाही.
बुडबुडा नुसता चमकून जातो
आगाऊ पोरासारखा.
आणि मग
तांबडी ओ.
पुन्हा एक.
पोटात हिरवं बाळगणारं काहीतरी
निळ्या हाकेला तांबड्यात ओ देतं,
आणि कॅमेऱ्यात उमटते चार पेशींची साखळी,
हात धरून शाळेला निघाल्यासारखी.

मला या साखळीचं नाव पाठ आहे.
एदुविनाला ती ओठावर ठाऊक आहे:
आई सांगायची, शिंपल्याचा तुकडा
खालच्या ओठाला लावून अख्खी जपमाळ थांबायचं,
मुंग्या येतात का बघायचं.
"ओसिएलच्या बापाने जप अर्ध्यावर सोडला होता."
पुढचं ती सांगत नाही.
त्या घरी मीही गेलो होतो, मेणबत्ती घेऊन.

मी किनारा बंदचा कागद भरतो.
धक्क्यावर आता म्हणतील,
हा पोरगा एदुविनाला पाण्यात पाहतो.
खोटं नाही. पाण्यातच पाहतो,
दुसरं काही येत नाही मला.

किती पेशी, हे ती विचारत नाही.
"जाणार कधी?" एवढंच.
हे कुठल्या रंगात विचारायचं
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

ती बरणी मोरीत ओतते, तीनदा विसळते,
झाकण चांगलं आहे म्हणून सोबत नेते.

आठवड्याने पुन्हा दारात.
बरणी तीच, कागद निघालेला.
"विचार."