भट्टीचं दार

अंबडच्या शेडमध्ये रात्रपाळीला
मी पोलाद नरम करतो.
लोक हसतात ऐकून,
पण धंदाच तो माझा, एकवीस वर्षं.
डाय रचायचे एकमेकांना न टेकवता,
दार आवळायचं, आठशे वीसवर न्यायचं,
चार तास धरायचं,
आणि मग स्विच बंद.

इथपर्यंत माझ्या हातात.
यापुढे तासाला वीस अंश,
आतल्या अंधारात, त्याचं ते.
यापुढे दाराला हात लावेल तो गाढव.

मी एकदा तो गाढव झालोय.
गाडी बाहेर उभी, मालक फोनवर,
मी दार चार बोटं उघडलं.
टक्.
सुपारी फुटावी एवढाच आवाज.
दीड लाखाच्या डायला केसाएवढी चीर.
मालकाने शिवी दिली नाही. ते जास्त लागलं.

आमोसला पुण्याला जाऊन अकरा महिने झाले.
भांडण कशावरून झालं
ते आता आम्हा दोघांनाही धड सांगता येणार नाही.
मी रोज फोन केला. चार पत्रं टाकली.
पाळकसाहेबांना पाठवलं, मग त्याच्या मित्राला.
शेवटी शिवशाही पकडून स्वतः गेलो.
खोलीबाहेर त्याच्या चपला होत्या,
आत पंखा फिरत होता,
दार उघडलं नाही.

शुलमिथ रोज पहाटे गुडघ्यांवर.
एकदा मी चिडून म्हणालो,
नुसत्या आमेनने पोरगा घरी येतो का?
ती म्हणाली, तुमच्या फोनने आला?
आणि भाकरी उलटली.
तीन दिवस आम्ही मिठापुरतं बोललो.

काल रात्री बारा वाजता बागूल,
नवा पोरगा, विचारतो,
काका, स्विच बंद केला, आता काय?
आता थांबायचं, म्हणालो.
तर त्याने खुर्ची ओढली, मोबाइल काढला.
अरे, थांबायचं म्हणजे लोळायचं नव्हे!
दर तासाला आकडा लिही,
दाराच्या कडेने हवा जाते का बघ,
उद्याच्या मालाला जागा झाडून ठेव.
फक्त त्या दाराला हात लावू नकोस.

तो झाडू आणायला गेला
आणि मी तिथंच उभा, हातात रजिस्टर,
स्वतःचंच बोलणं कानात.

प्रभू, नाताळच्या आत आण, म्हणालो होतो.
मग, निदान ईस्टरला.
मग, तिच्या वाढदिवसाला तरी.
रोज चार बोटं,
रोज चार बोटं.

वाट पाहणे, असं म्हणतो ना आपण.
पाहणे. डोळ्यांचं काम आहे ते,
उशीचं नव्हे.
आणि वाटेवरून चालत यायचं
ते दुसऱ्या कुणाच्या पायांनी.

तीनच्या चहाला पाचवं पत्र लिहिलं,
कामगार पुरवठ्याच्या पावतीमागे.
पेरूला यंदा फळ बेताचंच आहे.
शरणपूरच्या चर्चमधली पेटी दुरुस्त झाली,
एक सूर अजून रडतो.
आईचा डावा गुडघा दुखतो.
तुझ्या सायकलला हवा भरून ठेवली आहे.
'ये' लिहिलं होतं, ते खोडलं.
मग खोडलेलं तसंच राहू दिलं.

सकाळी सातला गेटच्या बिजागरीत
शेडमधून आणलेलं तेल सोडलं.
आत ती गुडघ्यांवर होती, गोधडी पांघरून.
मी कारखान्याच्याच कपड्यांत शेजारी टेकलो.
माझे गुडघे म्हणाले, टक्.
डोळे मिटलेले ठेवून ती हसली,
प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून धरली.

या वेळी मी काहीच तारीख घातली नाही.

तिकडे भट्टी असेल
सहाशे ऐंशीवर.